सुवार्ताबाईची साक्ष

सुवार्ताबाई वायदंडे प्रार्थनेला बसली की शेजाऱ्यांना वाटायचं, घरात भांडण लागलंय. आष्ट्यातल्या त्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. सकाळी सकाळी तिचा आवाज भिंतीपलीकडं जायचा. "प्रभू, आता तूच सांग, मी एकटीनं काय काय करू? शाळेत पोरांचा भात शिजवू, का ह्यास्नी उठवू-बसवू? ऐकतोयस न्हवं?"

तिचा नवरा शांतवन गवंडी. एका बंगल्याचं गिलाव्याचं काम चाललं असताना थापी हातातून गळाली आणि तो परांचीवरच आडवा झाला. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द मागं राहिला, "व्हय."

चहा पाहिजे? व्हय. नको? व्हय. पाय दुखतोय, का भूक लागलीय? व्हय.

"सगळा संसार झाला, कवा माज्या बोलण्याला व्हय म्हणाला न्हाईसा," सुवार्ता कावून म्हणायची, "आता सुचलं व्हय?"

"व्हय," शांतवन म्हणायचा, आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. मग तिलाच वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग यायचा.

सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी व्यायाम शिकवला होता. सुवार्तानं पडवीत दोन खांबांना दोरी बांधली. ती धरून रोज त्याला उभा करायची. तो ओरडायचा, तीही ओरडायची. त्यात भेटायला येणारे. शेजारीण म्हणायची, आटपाडीकडं एक देवऋषी हाय, एकदा नेऊन तरी बघ. चर्चच्या मंडळीतले लोक चहा पिता पिता म्हणायचे, "सुवार्ताबाई, प्रार्थना होतीय, पर तुमचा इस्वास कुठंतरी कमी पडतोय." तिला ह्यांचाच जास्त संताप यायचा. देवऋषी निदान नारळावर भागवतो, हे तर तिचा विश्वासच तोलायला बसलेले.

पण वर्षभरानं शांतवन काठी टेकत दारापासून नळापर्यंत गेला. पाय ओढत, तिरका, पण स्वतःच्या पायांनी. सुवार्ता नळापाशी खाली बसून रडली. "एवढा उशीर लावतात व्हय रं देवा?" असं म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून भात शिजवायला गेली.

त्याच सुमारास सांगलीला प्रार्थनेनं आजारी बरे करणारी मोठी आरोग्यसभा भरणार असल्याची बातमी आली. बाहेरून कोणी नामांकित उपदेशक येणार होते. जायचं तिच्या मनात नव्हतं, पण मंडळीनं जीपच केली. आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं, हाताचं राहिलंय, बोलणं राहिलंय. देव काय आष्ट्यातच बसून करतो असं थोडंच आहे?

मंडपाच्या मागं जयराज नावाचा एक स्वयंसेवक भेटला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं शांतवनला आपादमस्तक न्याहाळलं आणि चाकाची खुर्ची आणली.

"ह्यात बसवा, आई. नाव पुकारलं की स्टेजवर आणायचं. साहेब हात ठेवतील, मग हे उठतील."

"आवं, पर हे उठत्यातच की. चालतबी आल्यात न्हवं इथवर!"

"ते लोकांना कुठं ठाऊक आहे?" जयराज गोड आवाजात म्हणाला. "हजारो माणसांचा विश्वास वाढेल. आणि आमची संस्था ह्यांना पुण्याला नेईल, हाताचे, वाचेचे सगळे उपचार करेल. तुम्हालाही तिथंच ठेवून घेऊ."

सुवार्तानं खुर्चीवर हात ठेवला. पुण्याला उपचार. शांतवनच्या तोंडून पुन्हा तिचं नाव. तिनं देवाकडं आणखी मागितलं तरी काय होतं? थोडं वाकडं आहे, पण देवाच्याच कामासाठी आहे की. तिनं शांतवनला खुर्चीत बसवलं. स्वतःच्या हातांनी त्याची काठी खुर्चीमागं ठेवली.

नाव पुकारलं. तिनं खुर्ची स्टेजवर ढकलत नेली. उपदेशकांनी शांतवनच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि "ऊठ!" म्हणाले. शांतवन रोजच्या सवयीनं खुर्चीचा हात धरून उठला. मंडप दणाणला.

"आजवर तुम्ही उभे राहू शकत नव्हता ना?" उपदेशकांनी माइक पुढं केला.

"व्हय."

"आज प्रभूनं तुम्हाला उठवलं?"

"व्हय."

टाळ्या, हालेलुया, रडणारी माणसं. सुवार्तानं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तो भेदरला होता. आपण कशाला हो म्हणतोय हे त्याला कळत होतं, पण दुसरा शब्दच त्याच्याजवळ नव्हता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं माइक ओढून घेतला.

"त्यास्नी दुसरा शब्दच येत न्हाई! भूक लागली तरी व्हयच म्हणत्यात. हे महिन्यामागंच चालाय लागल्यात. देवानंच चालवलं, पर लय सावकाश, माजा जीव खाऊन. त्याला लबाडीची गरज न्हाई."

माइक बंद झाला. तिनं काठी शांतवनच्या हातात दिली आणि दोघं पायऱ्या उतरले. जीपवाले थांबले नव्हते. मुक्कामाच्या एसटीत उभ्यानं येताना ती पुटपुटत होती, "आता पुणं बी गेलं. खूश झालास न्हवं, प्रभू?"

मंडळीत तिच्याशी कुणी धड बोलेना. देवाच्या कामाला बट्टा लावला म्हणाले. चर्चच्या पाळकसाहेबांनी मात्र उपासनेनंतर शांतवनचा हात धरून त्याला पायरी उतरवली. बोलले काहीच नाहीत. तेवढं धैर्य त्यांच्याजवळ नव्हतं, असं सुवार्ता आजही म्हणते.

पुढच्या आठवड्यात बनुबाई आली. मंडळीतलीच म्हातारी, तिची लेक अंकिता जन्मापासून पायानं अधू. बनुबाई उंबऱ्यावर बसली.

"माजी लेक बरी हुत न्हाई ते माज्या अविस्वासानं, असं सगळी सांगत आली," ती म्हणाली. "मी खरंच मानत आले गं. तू तितं बोललीस तवा वाटलं, माजा गुन्हा न्हाई."

 सुवार्ता खेकसलीच, "गुन्हा कसला आलाय? आन् लेकीला घरात कोंडून का ठेवलीयस? उद्यापास्नं घेऊन ये हिकडं, ह्या दोरीला धरून उभी करू. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनाबी दावू. पाय सरळ हुतील न हुतील, ते देवाचं देव बघंल."

बनुबाई चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती अंकिताला रिक्षातून घेऊन आली, तीही नेमकी सुवार्ता शाळेला निघायच्या घाईत. सुवार्तानं छताकडं बघून कपाळावर हात मारला आणि अंकिताला आधार द्यायला पुढं झाली.