मायच्या हातातली माळ

माझी माय रोमन कॅथलिक, बाप प्रोटेस्टंट. बापाला आम्ही दादा म्हणायचो; ते परभणीला रेल्वेत गँगमन होते. निजामाचं राज जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली होती. आमच्या घरातलं भांडण मात्र जिथल्या तिथं.

शेजारीण विचारायची, "तुमचा येशू एक, मग देवळं दोन कशाला गं?"

माय भाकरी थापता थापता सांगायची, "देव एकच हाय. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तिघं मिळून एक. येसू आपल्या पापासाठी क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. इथवर कुणाचंच भांडण न्हाई."

भांडण त्याच्या पुढं होतं. मायच्या लोकांचा पोप रोमला. ते मारियामातेला म्हणतात, आमच्यासाठी विनवणी कर. मिस्सा म्हणजे त्यांची उपासना, आणि तिच्यातली भाकर त्यांच्या लेखी खरोखर येशूचं शरीर. दादांच्या लोकांना बायबल पुरे, पोप नको, जपमाळ नको, आणि भाकर म्हणजे त्याच्या मरणाची आठवण. पुढं मला एक केरळची नर्स भेटली, तिची ऑर्थोडॉक्स मंडळी तिसरीच. ती म्हणे, खरे जुने आम्हीच, तुम्ही दोघंही भरकटलेले. घ्या!

मायनं लग्न दादांच्या चर्चमध्ये केलं. महिन्यातून एकदा रेल्वेनं रोमन फादर यायचे आणि एका गोवेकर गार्डाच्या घरी मिस्सा व्हायची. फादर मायला म्हणाले, "मिस्सा ऐक, पण ख्रिस्तशरीर तुला देता येत नाही. ते लग्न आम्ही मानत नाही." चार लेकरं झाली तरी मानत नाहीत!

मग ती आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला आली. आमच्यात भाकरीचा तुकडा हातात घेतात. कॅथलिकांत फादर भाकर जिभेवर ठेवतात, त्या लहानपणच्या सवयीनं तिनं गुडघे टेकले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले. त्यानंतर ती कधी भाकरीला पुढं गेली नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, दुसरं काय!

लाकडी मण्यांची एक जपमाळ तेवढी तिच्या हक्काची होती. आजारानं अंथरूण धरलं तेव्हा तिनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "पोरी, मेल्यावर ही माझ्या हातात राहू दी. दुसरं काई मागत न्हाई." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाले.

ती सकाळी गेली. मी तिला आंघोळ घातली, माळ बोटांत गुंडाळली. दुपारी आमचे पाद्रीसाहेब आले. त्यांची नजर थेट तिथंच गेली.

"मुली, ती माळ काढ. मंडळी बघतायत. आपल्यात हे चालत नाही."

दादा खाली बघत राहिले. जन्मभर रुळांवर घण घातलेला माणूस, पण हातातली टोपी चुरगाळत उभा. बाहेर माणसं खोळंबली होती, खड्डा खणून तयार होता. मी मायची बोटं एकेक करून उघडली. ती ताठरली होती, जोर लावावा लागला.

मातीच्या वेळी पाद्रीसाहेब बोलले की शेवटच्या दिवशी ख्रिस्तात मेलेले सगळे उठतील. माझ्या मनात एवढंच आलं, ही उठली की आधी आपले हात बघेल.

कित्येक वर्षं मी त्या माणसाचा दुस्वास केला. बदली होऊन जाताना ते निरोप घ्यायला घरी आले, तेव्हा तोंडावरच म्हटलं, "माझ्या मायची माळ तुम्ही हिसकावली."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "काढ म्हणालो, खरंय. पण तू नाही म्हणाली असतीस तर मी काय मयत टाकून निघून गेलो असतो? मी तुझ्या वडिलांकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. कुणी एक शब्द बोललं नाही."

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. जळफळाट झाला होता, अजून होतो. फादरला शिव्या देते, पाद्रीला देते, दादांनाही सोडत नाही. पण माळ मायनं त्यांच्यातल्या कुणाकडं मागितली नव्हती. माझ्याकडं मागितली होती.