माझ्या आधी त्या खाटेवर

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा चार वर्षांची समीक्षा माझं बोट धरून होती, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि पोटात पाच महिन्यांचं लेकरू. माझे वडील, आबा, जागा धरायला आधीच वर चढले होते. रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या छपराखाली माझा नवरा उभा होता. त्यांचं नाव विलास. तेव्हा मी ते तोंडानं घेत नव्हते, आता घेते. विलास रस्ता ओलांडून आले नाहीत. समीक्षानं हात हलवला, तर त्यांनी मान खाली घातली.

गाडी हलल्यावर आबा एवढंच म्हणाले, "जिथं माणसं तुला बघून दार लावतेत, तिथं राहून काय करतीस?"

दार का लावत होते, ते सांगते. गावात राहिलेल्या माझ्या बायांना ते अर्धवटच ठाऊक आहे. आणि माझ्यासारख्या ज्या चाकण-भोसरीला निघून आल्या, त्यांना तर मी कधी सांगितलंच नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात आमचं घर. सोयाबीन, कापूस, थोडी हळद. तीन भाऊ एकत्र. थोरले दीर आणि त्यांची बायको मंगलअक्का, मग आम्ही दोघं, मग बिनलग्नाचे धाकटे प्रकाशभाऊजी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई काही वाईट बाई नव्हत्या. समीक्षाच्या बाळंतपणात त्यांनी मला सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही. त्यामुळे पुढचं सगळं अवघड झालं.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले. चौथा महिना लागला तसं आत्याबाई म्हणाल्या, पोटात काय आहे ते एकदा बघून येऊ. आमच्याकडे 'बघून येणं' म्हणजे काय, हे बाईला फोड करून सांगावं लागत नाही. मी विलासला विचारलं. ते म्हणाले, आई म्हणते तसं करू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जावा कापूस वेचत होतो. मंगलअक्कांना दोन पोरी, थोरली अश्विनी तेव्हा अकरा वर्षांची. ओटीतला कापूस गाठोड्यात ओतता ओतता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला दोनदा नेलं व्हतं. दुसऱ्या बारीला आठ दिस रगत थांबलं न्हाई."

मी जागीच थांबले. ते आठ दिवस मला आठवत होते. अक्कांना कावीळ झालीय, असं घरात सांगितलं होतं. मीच त्यांना खोलीत ताक नेऊन देत होते. एका छपराखाली राहून मला काही कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी गावातल्या आशा वर्कर ताईला गाठलं. मला फक्त त्यातून सुटायचं होतं. पण तिनं मला सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे नेलं, आणि त्या मॅडमनी वेगळंच विचारलं. बायांची पोटं तपासणारा हा माणूस सोनोग्राफीचं मशीन पिशवीत घालून गावोगाव फिरतो, म्हणाल्या, आजवर हाती लागलेला नाही. तुम्ही सासूबरोबर जा, मागे आम्ही येतो. मी विचारलं, आत्याबाईंचं काय होईल? मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही. कायदा गरवार बाईला दोष देत नाही, म्हणाल्या, तिला घरच्यांनीच भाग पाडलं असं धरतो. म्हणजे त्यांच्यावर केस होईल.

दोन दिवस मला घास गिळवला नाही. आत्याबाई विचारायच्या, काहून जेवत न्हाईस? आणि ताटात तूप वाढायच्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी त्या आणि मी जीपनं निघालो. मधे एका फाट्यावर दलाल बाई भेटली. तिनं आम्हाला शेतातल्या पत्र्याच्या घरात नेलं. आत शिरताच मी मिसकॉल द्यायचा, मग पथक येईल, असं ठरलं होतं. पण दारातच त्या बाईनं हात पुढे केला आणि आमचे दोन्ही फोन काढून घेतले.

मॅडमनी सांगून ठेवलं होतं की फोन नाही आला, तरी वीस मिनिटांत आत येऊ. तेवढा वेळ मला काढायचा होता. मी लघवीला जायचं सांगून मागच्या दारानं बाहेर गेले. समोर तूर उभी होती आणि तिच्यातून पायवाट जात होती. पळाले असते तर रस्ता लागला असता. मी वाटेवर दहा पावलं गेलेही. मग मंगलअक्का डोळ्यांपुढं आल्या, कपाळावर ओलं फडकं ठेवून भिंतीकडं तोंड करून निजलेल्या. मी परत फिरले.

आत खाटेवर मेणकापड अंथरलं होतं. तो माणूस साधासुधा होता, शर्टाच्या खिशात चष्मा. तो डॉक्टर नव्हता, हे मला नंतर कळलं. पोटावर गार लगदा लावून तो पडद्याकडं बघू लागला. मी भिंतीवरच्या पालीकडं बघत मनात आकडे मोजत होते, आणि आकडे चुकत होते.

त्यानं तोंड उघडलं, तेव्हा मी म्हणाले, "मला सांगू नका."

आत्याबाई पायाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला सांगा."

त्यानं काय खूण केली, मी पाहिलं नाही. डोळे मिटले होते. तेवढ्यात पत्र्याचं दार वाजलं, पुन्हा वाजलं, आणि खोली माणसांनी भरली.

पंचनामा होईपर्यंत आम्हा दोघींना सरकारी गाडीत बसवलं होतं. लेडीज पोलीस दाराशी उभी होती. आत्याबाईंना आता सगळं उमगलं होतं, तरी त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "पोरगा हाय. आता तरी म्हण, मी आपल्या मनानं आले."

आणि मला हायसं वाटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. क्षणभर मला खरंच हायसं वाटलं, की पोरगा आहे, आता सगळं निभावेल, घरी जाऊ. त्या क्षणाची मला जितकी लाज वाटते, तितकी कशाचीच वाटत नाही. मग मॅडम कागद घेऊन आल्या. मला कुणी आणलं, हे मी सांगितलं आणि सही केली.

आत्याबाईंना जामीन मिळाला, पण घरात माझ्याशी कुणी बोलेना. गिरणीवाला माझा डबा सगळ्यांच्या मागं ठेवायचा. दलाल बाईचे भाऊ दोनदा अंगणात येऊन बसून गेले. काही बोलले नाहीत, नुसते बसले. त्यानंतर आबा आले आणि मला घेऊन गेले. माहेरी ठेवायला ते घाबरत होते, म्हणून माझ्या भावाकडं, चाकणला.

चाकणला पोरगा झाला. तो सहा महिन्यांचा झाल्यावर मी गाड्यांच्या वायरी जुळवणाऱ्या वायरिंग हार्नेसच्या कंपनीत लागले. कार्ड पंच करायचं, आठ तास उभं राहायचं, ओव्हरटाईम मिळाला तर बारा. 'काहून' म्हटलं की लाईनवरच्या पोरी हसायच्या, म्हणून मी 'का' म्हणायला शिकले. त्या कंपनीत आमच्या बाजूच्या किती बाया निघाल्या! कुणी सेनगावची, कुणी हट्ट्याची. डबा खाताना पोरांच्या गोष्टी निघत, शाळेच्या निघत. एखादी म्हणे, माझं मधलं राहिलं नाही. मग सगळ्या जणी डब्यात बघत.

पोरगा झाल्याचं गावी कळलं तसं विलास आले. आईचा निरोप होता की झालं गेलं विसरू, नातवाला घेऊन या. भावाच्या रूममध्ये ते भिंतीला टेकून बसले होते. मी चहा ठेवला आणि विचारलं, पोरगी झाली असती तर आला असता का?

त्यांनी समीक्षाकडं बघितलं. ती बाजूलाच पाटीवर रेघोट्या ओढत होती. मग ते म्हणाले, "न्हाई. न्हाई आलो असतो."

ते खोटंच 'व्हय' म्हणाले असते, तर मी तिथंच दार दाखवलं असतं. त्या दिवशी ते परत गेले. पुढच्या महिन्यात स्वतःची बॅग घेऊन आले, आणि आईचा निरोप काही नव्हता. आता ते गोडाऊनला फोर्कलिफ्ट चालवतात. समीक्षाच्या वेण्या तेच घालतात, माझी फर्स्ट शिफ्ट असली की. मी त्यांना पूर्ण माफ केलंय का, सांगता येत नाही. रोज थोडं करते.

प्रकाशभाऊजी अजून बिनलग्नाचेच. छत्तिशी ओलांडली. पोरगी शोधत सगळा जिल्हा झाला, तेलंगणात चकरा झाल्या. गल्लीत त्यांच्यासारखे सातआठ जण आहेत, पारावर मोबाईल बघत बसलेले. मध्ये आत्याबाईंनी विलासकडं निरोप दिला, तिकडं कंपनीत एखादी पोरगी असंल तर बघा. विलासनं फोन ठेवला आणि आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता जेवलो.

दोन वर्षांपूर्वी साक्षीचं समन्स आलं. आत्याबाईंसाठी थोरल्या दिरांनी फोनवर विनवलं, तिचं वय बघ, म्हणाले. कोर्टात त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. शेजारी मंगलअक्का.

त्यांच्या वकिलानं मला विचारलं, तुम्हाला मुलगाच झाला ना? मग तुमचं नुकसान काय झालं?

ठरवून काही बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. "साहेब, माझ्या आधी त्या खाटेवर माझी जाऊ निजली होती."

थोरले दीर उठून बाहेर गेले. मंगलअक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांची गोष्ट त्यांना न विचारता मी चारचौघांत सांगितली होती, आणि त्यांना त्याच घरी परत जायचं होतं. बाहेर आल्यावर मी त्यांना शोधलं, पण ते सगळे जीपमध्ये बसून गेले होते.

केस अजून चालू आहे. तारखा पडतात. तो माणूस जामिनावर आहे, आत्याबाईही. अक्कांचा फोन दोन वर्षं आला नाही. मी केला तर उचलला जायचा नाही. मी समजत होते की आता मला तिकडं कुणीच राहिलं नाही.

या जूनमध्ये त्यांचा फोन आला. कशा आहात वगैरे काही नाही. अश्विनी बारावी झाली, म्हणाल्या, नर्सिंगला पुण्यात नंबर लागलाय, घरात तिच्या लग्नाचं बोलून राहिलेत. मग विचारलं, 

"तुझ्याकडं धाडू का तिला?"

आता अश्विनी आमच्याकडं आहे. दोन खोल्यांत पाच माणसं. तिचा गणवेश दोरीवर वाळतो. आली त्या दिवशी तिनं चपला बाहेर काढल्या आणि पाव्हण्यासारखी उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मी तिला आत घेतलं, भाकरी वाढली.

गावच्या घराची मला आठवण येते. खोटं कशाला बोलू? तुरीची, अंगणाची, तापात कपाळावर ठेवलेल्या आत्याबाईंच्या हाताचीही येते. पण तिथं परत जायचा विचार मी सोडला. सणाला कुठं जायचं, हा प्रश्न सुरुवातीची काही वर्षं मला छळायचा. हल्ली छळत नाही. दिवाळीला धाकट्या पोरीला घेऊन मंगलअक्का इकडं येणार आहेत. फोनवर त्या म्हणाल्या, किती वर्षं झाली गं मला माहेरी जाऊन.