बाईंचे चार थेंब

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या स्ट्रुमित्सा गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कोणत्या सुनेने विकतचा ऐवर, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, घरचा म्हणून वाढला, ही बातमी माझ्याकडूनच फुटते. म्हणून हीसुद्धा मीच सांगतो.

समोरच्या घरात रिस्ताना बाई एकट्या राहतात. त्यांनी गावाला गणित शिकवलं, मला दोनदा नापास केलं. हल्ली त्यांचे पाय लाकडासारखे आखडतात. डॉक्टरांनी गांजाचं तेल लिहून दिलं, औषधाच्या दुकानातलं. त्यात नशेचा अंश किती, बिननशेचा किती, सगळं बाटलीवर छापलेलं. बाई सकाळी तीन, संध्याकाळी चार थेंब घ्यायच्या आणि वहीत तेवढे ठिपके काढायच्या. काठी टाकून चालू लागल्या होत्या.

एके दिवशी त्या दुकानातून बाहेर पडताना दिसल्या आणि मी भर बाजारात ओरडलो, "काय बाई, म्हातारपणी गांजा? आता शाळा भरवणार की चिलीम?" सगळे हसले. बाईही हसल्या. पण नंतर त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत.

बाटली संपली, पाय पुन्हा आखडले. मग मला दया आली. माझा चुलतभाऊ व्लाडे टोमॅटोच्या वाफ्यामागे दोन झाडं लपवून वाढवतो, बायकोच्या पातेल्यात तेल काढतो. त्यातलं थोडं मी खोकल्याच्या जुन्या बाटलीत भरून नेलं.

"घ्या बाई. झाड तेच, पाला तोच. दुकानवाले नुसती चिठ्ठी डकवतात."

"तासे, यात टक्के किती?"

"शंभर टक्के!"

"शंभर टक्के काय, गाढवा?"

"शंभर टक्के घरचं!"

शनिवारी संध्याकाळी गल्लीत ऐवरसाठी मिरच्या भाजणं चाललं होतं. बाई चार थेंब घेऊन सोलायला बसल्या. तासाभराने हातातल्या मिरचीकडे बघून खदखदून हसल्या, मग वारलेल्या नवऱ्याला हाका मारत रडल्या, उठल्या आणि कोसळल्या. मनगट मोडलं. भोवती मिरच्या सोलून काळ्या झालेल्या हातांनी त्यांचेच जुने विद्यार्थी उभे.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, असं कसं झालं. मी दारात होतो. बाई म्हणाल्या, "थेंब मोजताना चुकले."

त्यांची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आईला आता चारपर्यंतही मोजता येत नाही. घराला कुलूप लावते, स्कोप्येला माझ्याकडे घेऊन जाते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याच्या वहीतून उतरवायचो तेव्हा अशाच बघायच्या. माहीत असायचं, पण नाव घ्यायच्या नाहीत.

"बाईंनी बरोबर मोजलं," मी म्हणालो. "बाटली माझी होती."

डॉक्टर संथपणे म्हणाले, "त्या चार थेंबांत दुकानातले चाळीस असतील, नाहीतर चारशे. कोणी तपासलंय? औषध आणि तुझा पाला यांत फरक तो एवढाच." मुलीने घराची किल्ली पर्समधून काढून आईच्या उशाशी ठेवली. तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाई घरीच आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानात आता मी जातो. रांगेत कोणीतरी विचारतंच, "काय तासे, गांजा?" इतकी वर्षं लोकांना चिडवलं, आता मी चिठ्ठीवरचे टक्के मोठ्याने वाचून दाखवतो.

बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून चमच्यात थेंब मी पाडतो. त्या वही उघडून बसतात.

"किती झाले?"

"चार, बाई."

"पुन्हा मोज."