चोरओटीच्या आधी

आमच्या घरात फराळाचे डबेसुद्धा पत्रकांच्या गठ्ठ्यांवर ठेवलेले असायचे. वडिलांच्या संघटनेची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. एखादी गोष्ट नीट छापून हातात दिली की माणसाला ती पटते, असं मला पक्कं वाटायचं. माझ्या आत्याने हा समज एका दुपारीच मोडला.

आत्या पिंपळगाव बसवंतला राहते. तिच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, दिवस गेले होते आणि काम करता करता तिला चक्कर यायची. तिनेच मला हळू आवाजात फोन केला. "ताई, डॉक्टरकडे जायचंय, पण आई नाय म्हणतात."

कारण चोरओटी व्हायची होती. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात गुपचूप ओटी भरायची आणि तोवर बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर नजर लागते. गरोदर बायकांची नोंद ठेवणारी गावातली आशाताई दारात आली तरी सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून तिच्याकडेही नाव नोंदवलं नव्हतं.

मी पत्रक घेऊन पोचले. तपासणी, रक्त, गोळ्या, सगळं मोठ्या अक्षरांत. आत्याने ते शेवटपर्यंत वाचलं.

"लिव्हलंय चांगलं. पण लिव्हणाऱ्याला आमच्या गल्लीत नाय राहायचं."

"नजर वगैरे काही नसतं, आत्या. या लपवाछपवीत बायांचे जीव जातात."

"माझं पहिलं गेलं तेव्हा तू कुठं होती? मी सगळ्या गावाला सांगून बसले होते."

मी पत्रकाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, "आई, गावात कळायला नको ना? मग नाशिकला आपल्याला कोण ओळखतं?"

आत्याने विचार केला. साडी घ्यायला जातोय असं सांगायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कंडक्टरने विचारलंही नव्हतं, तरी आत्याने त्याला ते सांगून टाकलं.

नाशिकच्या दवाखान्यात शिरलो, तर समोरच्या बाकावर आत्याच्या भजनी मंडळातल्या टाळवाल्या काकू बसलेल्या. शेजारी त्यांची सून.

"तुम्ही इकडं कुठं?" काकूंनी विचारलं.

"साडी घ्यायला आलतो."

"दवाखान्यात?"

"गुडघा दुखतोय. म्हटलं जाता जाता दाखवावा. अन् तुम्ही?"

"माझाबी गुडघाच."

भिंतींवर सगळीकडे गुटगुटीत बाळांची चित्रं होती. दोन्ही सुना पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्यात सिस्टरने वहिनीला बोलावलं. "कितवा महिना?"

आत्या छताकडे बघत राहिली. "तिसरा," वहिनीने सांगितलं, आणि चांगलं मोठ्याने.

काकू सरकून जवळ आल्या. "आमचीलाबी तिसराच. कुठं बोलू नका."

"तुम्हीबी नका बोलू," आत्या म्हणाली, आणि दोघी एकदम सैल झाल्या.

वहिनीचं रक्त कमी निघालं. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, म्हणाल्या. आत्या लगेच पुढे झाली. "त्यानं मूल लय मोठं होतं म्हणत्यात. सुटका अवघड जाती."

"रक्त कमी असलं तर जास्त अवघड जाते," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले. आत्याने मान वाकडी करून ऐकलं. "केवढं पळतंय," ती म्हणाली. मग बाहेर येऊन हीच गोष्ट तिने काकूंना दोनदा सांगितली.

परतताना काकू आणि त्यांची सूनही आमच्याच बसमध्ये होत्या. मी भांडत होते. बाईच्या तब्येतीने नजरेची परवानगी का मागायची? आशाताईकडे उद्याच नाव का नाही घालायचं?

"चोरओटी झाली की घालू," आत्या म्हणाली.

"दोघींचं बरोबरच घालू," काकू म्हणाल्या. "आता हळू बोल बाई, बस ऐकतीय."

मला हे मान्य नव्हतं आणि आजही नाही. पण पुढच्या तपासणीची तारीख त्या दोघींनी आपसात ठरवूनही टाकली होती.

घरी आल्यावर आत्याने वहिनीला पोटभर जेवू घातलं, लिंबूपाणी केलं आणि गोळी तिच्या हातावर ठेवली. त्याआधी उठून दाराला कडी मात्र लावली. मी ती काढायला निघाले, तर वहिनीने हात धरून मला खाली बसवलं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "आधी गोळी घेऊ द्या मला."