सबीना डर्कन या घरात राहत नव्हती

ऑस्टिन डर्कनला नाही म्हणता येत नाही. आमच्या मेयोत, आयर्लंडच्या या कोपऱ्यात, तसं ते कुणालाच धड येत नाही, पण त्याचं दुखणं जरा जास्तच. माझं दुकान त्याच्या फाटकासमोर आहे, म्हणून हे सगळं मी पहिल्यापासून पाहत आले.

गवत कापायचे दिवस होते. क्लीव्हलंडहून रोझमेरी नावाची बाई आली. तिची पणजी सबीना डर्कन आमच्या गावातून अमेरिकेला गेलेली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि जहाजांच्या याद्या वर्षानुवर्षं धुंडाळून बाईने गाव शोधलं होतं, आणि अगदी बरोबर शोधलं होतं. फक्त गावात डर्कनांची घरं दोन, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली. थोरल्या मुलीला आजीचं नाव ठेवायची आमची रीत, त्यामुळे सबीना दोन्हीकडे. ऑस्टिनकडची सबीना लहानपणीच वारली. अमेरिकेला गेली ती टेकडीपलीकडच्या घरातली, आणि त्या घरावर आता छप्परही नाही.

बाई ऑस्टिनच्या चुलीपुढे उभी राहिली, दगडाला हात लावला आणि ढसाढसा रडली. "काका, हेच ना तिचं घर?"

ऑस्टिनने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो पोरी, हेच. बस, चहा टाकतो."

ती गेल्यावर मी त्याला चांगलंच झाडलं. "खरं सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी?"

"एवढ्या लांबून आलेल्या बाईला काय पडक्या भिंती दाखवू? एकदाच तर आली होती."

म्हणे एकदाच! पुढच्या उन्हाळ्यात ती बहिणींना घेऊन आली, मग चुलतभावांना, मग त्यांच्या पोराबाळांना. सगळे त्याच्या पलंगावर बसून फोटो काढायचे. त्याने एक गॅसचा हीटर आणला होता. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सबीनाच्या घरात हे शोभत नाही." दुसऱ्या दिवशी हीटर गोठ्यात गेला.

"वेडा आहेस का रे तू?"

"त्यांचं मन मोडतं गं, नोरीन."

घर ओलं, भिंती पाझरणाऱ्या. गेल्या हिवाळ्यात ऑस्टिनला न्यूमोनिया झाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं की आणखी एक हिवाळा या घरात काढलास तर पुढचा उन्हाळा बघणार नाहीस. बॅलिनात त्याची बहीण डेलिया राहते. तिची खालची खोली कोरडी, उबदार. ती बिचारी रोज फोन करायची, पण याचा पाय निघेना. उन्हाळ्यात ती माणसं आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? मला त्याचा रागही यायचा आणि कीवही. स्वतःच्या घरात तो दुसऱ्याच्या पणजीचा राखणदार होऊन बसला होता.

शेवटी त्याने गुपचूप दलालाकरवी घर विकायला काढलं. "एकदा विकलं गेलं की माझ्या हातात काही उरत नाही," म्हणाला. "मग त्यांना काय सांगायचं ते नवा मालक सांगेल." वकिलाने पुढे केलेल्या कागदांवर त्याने न वाचताच सह्या केल्या. घेणाऱ्याचं नावसुद्धा पाहिलं नाही. शनिवारी किल्ली द्यायची आणि डेलियाकडे जायचं ठरलं. त्याची बॅग दाराशी होती, आणि मी किती वर्षांनी त्याला शीळ घालताना ऐकलं.

शनिवारी नव्या मालकाची गाडी आली. आतून रोझमेरी उतरली.

"काका, आम्हाला एका शब्दानेही सांगितलं नाहीत!" ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "मी इथली विकाऊ घरं रोज बघते म्हणून कळलं तरी. पैशांची अडचण होती ना? म्हणून परक्याला द्यायला निघालात? आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलं." त्याने पुढे केलेली किल्ली तिने परत त्याच्याच मुठीत कोंबली. "आता तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही. मरेपर्यंत इथेच राहायचं. भाडंबिडं काही नाही!"

मला राहवेना. "रोझमेरीबाई, जरा ऐका माझं..."

"नोरीन!" ऑस्टिन माझ्यावर असा कधीच ओरडला नव्हता. ओरडण्याने त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याने बॅग पायाने दाराआड सरकवली. "देव तुझं भलं करो, पोरी," तो तिला म्हणाला. "गारठलीस. आत ये."

संध्याकाळी डेलियाला फोन मीच केला. ती रागावली.

"अगं, पण ते घर आता त्याचं राहिलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "आता तर त्याला सोडा म्हणावं!"