कौसाबाईंचे कान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही — पण सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात घनसावंगीजवळच्या आमच्या गावात परदेशातून डॉक्टरांचं पथक आलं होतं. शाळेच्या ओसरीवरच दवाखाना. मी तिथला इंग्रजीचा मास्तर, म्हणून गोऱ्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. केवढा रुबाब वाटायचा मला! खरं म्हणजे त्यांचं अर्धं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. पण हे कबूल कसं करायचं — अख्ख्या गावासमोर?

कौसाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. चार वर्षांच्या सुमनला घेऊन आल्या. पोरीचे डोळे कोरडे, चिकटलेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात औषध पिळलं आणि भराभर काहीतरी बोलल्या. मला त्यातला ‘वीक’ — आठवडा — एवढाच शब्द कळला. समजलं का, असं त्यांनी विचारलंसुद्धा. मी मान हलवली — आणि कौसाबाईंना म्हणालो, "आठ दिवसांनी आणा."

त्या बरोबर आठव्या दिवशी आल्या. सुमनचा डावा डोळा पांढरा झाला होता.

डॉक्टरीणबाई रडवेल्या झाल्या. दुसऱ्या डोसाला उद्याच आणा, आठवडा घालवू नका, असं सांगितलं होतं ना? या वेळी मात्र मला शब्द न् शब्द कळला. मी काय केलं असेल? त्यांना म्हणालो, हिला मजुरी बुडवायची नव्हती.

आणि कौसाबाईंकडं वळून म्हणालो, "उद्याच आणा म्हणल्तो ना मी?"

त्यांनी पोरीला कडेवर घेतलं.

"आठ दिवस म्हणल्ते ना, गुरुजी?"

"न्हाई. उद्या म्हणल्तो."

"आसंन मंग," त्या हळूच म्हणाल्या. "खडी फोडू फोडू कानाला बराबर ऐकू येत न्हाई मला."

गुरुजी खोटं बोलतील, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

उजवा डोळा वाचला. सुमन पुढं माझ्याच वर्गात आली. मी तिला पहिल्या रांगेत बसवायचो, पुस्तकं द्यायचो. कौसाबाई सगळ्यांना सांगायच्या, गुरुजींचा लई जीव आहे पोरीवर. जीव होताच — पण तेवढंच होतं का?

कौसाबाईंच्या शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो. सुमन त्यांना पेज भरवत होती. त्यांनी तिचा पदर धरला आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "माझ्या कानापायी तुझा डोळा गेला, माय."

सुमन म्हणाली, "आसं नको म्हणू, आई."

मी अगदी शेजारी बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही.

दोन दिवसांनी त्या गेल्या. मी खांदा दिला. परत आल्यावर सुमननं मला तांब्या भरून पाणी दिलं, आणि मी ते प्यालो.