तुटलेलं आणि टाकलेलं

पोर्थमोरनच्या पुळणीवर लाटांनी काहीही आणून टाकलं, की ते भरतीच्या रेषेवर ओढून त्यावर एक धोंडा ठेवायचा. झालं. ती वस्तू मग ठेवणाऱ्याची. आमच्या गावातली माणसं काही संत नाहीत. रविवारी चॅपेलमध्ये डोळे मिटून प्रार्थना म्हणतील आणि सोमवारी शेजाऱ्याच्या वाफ्यातला कोबी उपटतील. पण धोंड्याखालच्या साध्या फळीलाही कुणी बोट लावणार नाही. उत्तरेच्या टोकाला, खडकाच्या आडोशाला, एक वल्हं अशाच एका धोंड्याखाली बत्तीस वर्षं पडलेलं होतं. ऊन-पावसाने ते करडं पडलं, त्याला भेगा गेल्या, पण जागचं हललं नाही.

ते वल्हं केझाया हॉस्किंगचं. सगळं गाव तिला केझीकाकू म्हणायचं, तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले म्हातारेसुद्धा. अडुसष्ट वर्षांची, बुटकी, पायात नवऱ्याचे बूट, खांद्यावर गोणपाट. रोज ओहोटीला ती धक्क्यापासून टोकापर्यंत चालत जायची. बाकीच्या बायका सरपणासाठी किनारा धुंडाळायच्या. काकू किनारा वाचायची.

बुडालेल्या बोटीचं काही सापडलं तर सरकारी कागद भरून पाठवावा लागतो. त्या कागदावर एक ओळ असते: फ्लॉट्सम की जेट्सम? हे दोन शब्द आमच्याकडे जोडीनेच तोंडात येतात. घरातली अडगळ, बिनकामाचे पाहुणे, चॅपेलच्या जुन्या बाजारात न खपलेल्या टोप्या, सगळं फ्लॉट्सम-जेट्सम. काकूसमोर असं कुणी म्हटलं तर तिच्या कपाळाला आठी पडायची.

"बोट फुटताना, बुडताना जे आपलं आपण सुटून वर येतं, ते फ्लॉट्सम," ती ऐकवायची. "आणि बोट वाचावी म्हणून माणूस स्वतःच्या हाताने जे समुद्रात लोटतो, ते जेट्सम. एकात हात समुद्राचा, दुसऱ्यात माणसाचा. तुम्हाला दोन्ही सारखेच वाटत असतील तर तुमची आई कधी धक्क्यावर उभी राहिली नसणार."

एकदा कस्टमच्या कुणा नव्या साहेबाने तिला कळवलं होतं, की बाई, एवढं खोलात शिरू नका, काहीही लिहिलंत तरी चालेल. काकूने त्याला तीन पानी उत्तर धाडलं. पुढे त्या साहेबाने तिच्या अक्षरातल्या कागदावर कधी शंका काढली नाही.

ही तिची हौस नव्हती. एकवीस सालच्या जानेवारीत तिचा नवरा सॅम्युएल आणि त्याचे तीन गडी ‘मार्गारेट’ बोटीवरून गेले ते गेलेच. पाचव्या दिवशी फळ्या आल्या, कोठाराचं एक झाकण आलं, ते वल्हं आलं आणि दोरांचे तुकडे आले. प्रत्येक तुकड्याचं टोक केरसुणीसारखं पिंजलेलं. तो अख्खा हिवाळा केझाया सुरीने कापलेलं एखादं तरी टोक शोधत हिंडली. एकही मिळालं नाही. कागदावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: फ्लॉट्सम.

गावाने आपल्या परीने तिचं सांत्वन केलं. "सॅम असा तसा गेला नसेल गं. रात्रभर झुंजला असेल." बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण त्या एका वाक्याने तिची झोप कायमची उडाली. बोट बुडाली त्या रात्री ती चुलीपाशी ऊब घेऊन गाढ झोपली होती. तो तिकडे गार पाण्यात तासन् तास झगडत असताना आपण इकडे घोरत होतो, हे तिच्या मनातून कधी गेलंच नाही.

त्रेपन्न सालच्या नोव्हेंबरात एडविन ट्रेगीर दोन गड्यांना घेऊन ‘लिडिया’वरून पिल्चर्ड मासळीला गेला. सोमवारी संध्याकाळी निघाला, मंगळवारी सकाळी यायचा होता. मंगळवारी पहाटे नैर्ऋत्येचं वादळ आलं. लाइफबोट दिवसभर ‘काळे दात’ नावाच्या खडकांभोवती फिरली आणि हात हलवत परत आली. संध्याकाळी वारा फिरून वायव्येचा झाला.

बुधवारी उजाडता उजाडता काकू पुळणीवर पोचली, तर पाण्याने ‘लिडिया’ची मासळीची खोकी आणून टाकली होती. सात-आठ असतील. त्यांच्यापलीकडे बुचं लावलेल्या जाळ्याचा ढीग लाटेबरोबर वर-खाली होत होता.

बातमी वाऱ्यासारखी गेली. घटकाभरात अर्धं गाव वाळूवर जमलं. लाइफबोटीचा तांडेल जेम्स रोझवॉर्न पुढे आला. डोळे तांबारलेले, दाढी मिठाने पांढरी झालेली. खोक्यावरचं नाव त्याने वाचलं आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याच्यामागे एकेक करून सगळ्यांनी काढल्या. अवशेष किनाऱ्याला लागले की शोध संपला, अशी आमच्याकडची रीत. एडविनची बायको ग्रेस ॲप्रनवरच कोट चढवून धावत आली होती. टोप्या काढलेली माणसं तिने पाहिली आणि ती मटकन वाळूत बसली.

"टोप्या घाला," काकू म्हणाली.

कुणी हललं नाही.

"जेम्स, टोपी घाल म्हणते ना! सर्दी होईल मेल्या. तुझी दुपटी वाळत घातलीत मी, मला तांडेलगिरी दाखवू नकोस."

"काकू," रोझवॉर्न थकलेल्या आवाजात म्हणाला, "बोट दातांवर फुटलीय. ही तिचीच खोकी. आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

"फुटलेली बोट अशी येते होय? फळी कुठाय? झाकण? एक तरी वल्हं? समुद्र बोट फोडतो तेव्हा निवडानिवड करत बसत नाही, हाताला लागेल ते फेकतो. यातलं सगळं निवडलेलं आहे. बोट हलकी करायला माणूस जे आधी लोटेल, नेमकं तेच आलंय."

"फ्लॉट्सम-जेट्सम," मागून कुणीतरी पुटपुटलं. "शब्दांनी माणसं परत येतात का?"

काकूने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती गुडघाभर पाण्यात शिरली, जाळ्याची कड हातात धरून मागे सरकत राहिली आणि ते वाळूवर ओढू लागली. दोघं पुढे झाले. जाळ्याचं टोक वर आलं. एक जाळं दुसऱ्याला जोडतात तो दोर तिने रोझवॉर्नच्या नाकासमोर धरला.

त्याचं टोक सपाट होतं. सुरीचा एकच घाव. एकही धागा पिंजलेला नव्हता.

"जोडावर कापलंय," काकू म्हणाली. "जाळ्याचं एक घर तुटलेलं नाही. मरणाच्या घाईतसुद्धा या पोराने आपलं जाळं फाडू दिलं नाही."

रोझवॉर्नने दोर हातात घेतला, बोटाने चाचपला. काकूने जाळ्याची गुंडाळी उलगडत नेली आणि एकाएकी थांबली. दुसऱ्या टोकाला, वस्तू तरंगत राहून पुन्हा सापडावी म्हणून लावतात तसा, कातडी बोया बांधला होता. जाळ्याचे नेहमीचे बोये वेगळे. हा मागाहून बांधलेला, दुहेरी गाठ मारून, वर दोराचं उरलेलं टोक नीट आत खोचून.

जमलेली माणसं त्या गाठीकडे बघत राहिली. वादळात बोट आडवी होतेय, पाणी आत येतंय, काळोखात पायाखालचं लाकूडही दिसत नाही. अशा वेळी कुणीतरी वाकून, गोठलेल्या बोटांनी, फेकायच्या वस्तूला बोया बांधला होता. टोक खोचायलासुद्धा विसरला नव्हता.

"ज्याला परत यायचं नसतं," काकू हळूच म्हणाली, "तो बोया कशाला बांधेल?"

ग्रेस वाळूतून उठली. "काकू, खरं सांगा. मला उगीच आशा लावू नका."

"तो कुठाय ते मला माहीत नाही, पोरी. हे टाकलं तेव्हा तो जिवंत होता आणि बोट त्याच्या पायाखाली होती, एवढं माहीत आहे. बाकी तांडेलाला विचार."

रोझवॉर्नने टोपी डोक्यावर चढवली. "समजा बोट तरंगतेय. मग काल आम्हाला दिसली कशी नाही?"

"तुम्ही दातांपाशी शोधत बसलात म्हणून. टोकापलीकडे टाकलेलं दोन भरत्यांनी इथे येतं. बत्तीस वर्षं बघतेय. बुचं पाण्याचं ऐकतात म्हणून ती इथे आली. बोट वाऱ्याचं ऐकते. इंजिन बंद पडलं असेल तर कालपासून वायव्येचा वारा तिला बाहेर लोटतोय. लिझर्डच्या भूशिराच्याही बाहेर. किनारा सोड आणि तिकडे जा."

"पंधरा-वीस मैल बाहेर? माझ्या पोरांनी काल दिवसभर अन्न पाहिलेलं नाही, काकू. तुझं चुकलं तर?"

"चुकलं तर तुझं तेल वाया जाईल आणि गाव मला वेडी म्हणेल. ते आत्ताही म्हणतंच. आणि माझं बरोबर असून तू गेला नाहीस तर?"

रोझवॉर्नने वळून आपल्या गड्यांना हाक मारली. बायकांनी घराघरांतून मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या आणि केशराचे बन आणून गड्यांच्या खिशांत कोंबले, आणि नऊच्या आत लाइफबोट धक्क्यावरून खाली घसरली. काकूने खोकी आणि जाळं भरतीच्या रेषेवर ओढून घेतलं, वर धोंडा ठेवला आणि त्याच धोंड्यावर बसली. ग्रेस तिच्याजवळ बसली. घरी चला म्हणायला तीन वेळा माणसं आली, तिन्ही वेळा काकूने त्यांना चहा आणायला पिटाळलं.

चारच्या सुमाराला, उजेड उतरू लागला तेव्हा, टोकाच्या वळणावर लाइफबोट दिसली. तिच्यामागे दोराला ‘लिडिया’ होती. पाण्यात इतकी खाली, की लांबून नुसती डोलकाठीच दिसत होती. लिझर्डपासून सतरा मैलांवर सापडली. इंजिन बंद, आत गुडघाभर पाणी आणि तिघं जण एका चहाच्या किटलीने आणि दोन टोप्यांनी ते उपसत होते. ग्रेस पाण्यात कमरेपर्यंत शिरली. गावाने असा काही गलका केला, की चॅपेलची घंटा वाजवायला गेलेला माणूस घंटा विसरून परत धावत आला.

रोझवॉर्न बोटीतून उतरला, सरळ काकूपाशी आला आणि टोपी काढून उभा राहिला. या वेळी काकूने त्याला टोपी घालायला सांगितलं नाही.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर एडविन पुळणीवर आला. हातांना पट्ट्या बांधलेल्या. काकू जाळ्यापाशी उभी होती. सरकारी कागद तिने भरून ठेवला होता. जेट्सम हा शब्द तिने जरा मोठ्याच अक्षरात लिहिला होता.

"टाकलेलं ज्याचं त्याचंच राहतं," ती म्हणाली. "धोंडा उचल. तुझं आहे, घेऊन जा."

एडविनने धोंडा बाजूला केला. मग पट्ट्यांच्या हातांनी तो बोया सोडवायला लागला, पण गाठ सुटेना. तो हसला. "काकू, ही गाठ तुमच्याच घरची आहे, ठाऊक आहे?"

"माझ्या घरची?"

"सॅमकाकाची. बाबा लग्नाआधी त्यांच्या बोटीवर गडी होते ना. काकांचा नियम होता म्हणे, काहीही टाकायचं झालं तर आधी बोया बांधायचा. जीव जात असला तरी. एकदा बाबांनी घाईत एक टोपली तशीच लोटली तर काकांनी कानाखाली दिली होती. म्हणाले, बोया बांधायला एक मिनिट लागतं, आणि ज्याला एक मिनिट मिळतं त्याने ते त्यावरच खर्चावं. बाबांनी हे माझ्या डोक्यात इतकं बसवलं, की परवा हात आपोआपच चालले. काकांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

"नाही," काकू म्हणाली. "घरी आल्यावर समुद्राचं काही बोलायचा नाही तो."

ती धोंड्यावर बसली. एडविनला वाटलं, म्हातारीला भोवळ आली. पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. एकवीस सालचा तो हिवाळा ती पुन्हा पायाखालून घालत होती. फळ्या. झाकण. वल्हं. पिंजलेले दोर. टोकापासून धक्क्यापर्यंत एकेक वीत वाळू तिने चाळली होती. बोया नव्हता. एकही नाही.

ज्याला एक मिनिट मिळतं त्याने ते त्यावरच खर्चावं. सॅमला ते एक मिनिटसुद्धा मिळालं नव्हतं.

म्हणजे तो रात्रभर झुंजला नव्हता. गार पाण्यात तासन् तास कुणाला हाका मारत राहिला नव्हता. ती चुलीपाशी झोपली तेव्हा तो एकतर जिवंत आणि बिनघोर होता, नाहीतर नव्हताच. मधलं काही नव्हतं. बत्तीस वर्षं ती जे पाहून दचकून उठत होती, ते कधी घडलंच नव्हतं. त्याने मागे एकही बोया ठेवला नव्हता, आणि त्यातूनच त्याने हे सांगून ठेवलं होतं. काकूने समुद्राकडे पाहिलं. इतकी वर्षं वाचूनही तो आपल्याला पुरता वाचता आला नाही, याचा तिला राग येण्याऐवजी नवलच वाटलं.

"काकू? घरी सोडू का?"

"मला माझे पाय आहेत. तुझ्या बायकोने डुकराचं मांस भाजलंय, वास इथवर येतोय. जा, गार करू नकोस."

एडविन जाळं खांद्यावर घेऊन गेला. काकू उठली आणि उत्तरेच्या टोकापर्यंत चालत गेली. करड्या वल्ह्यावरचा धोंडा शेवाळाने खडकालाच चिकटला होता. दोन्ही हातांनी जोर लावून तिने तो ढकलला आणि वल्हं ओढत पाण्याच्या कडेला नेऊन ठेवलं. मग जेवायची वेळ झाली होती म्हणून ती घरी गेली. भरती तासाभराने लागणार होती.